शंकेचा पत्ता

जानेवारी २००८. माहूरच्या एका सराफाच्या दुकानात अब्बांनी अम्मीच्या दोन पाटल्या काट्यावर ठेवल्या. मी शेजारी उभा होतो. कपाशीसाठी घेतलेलं पीककर्ज दोन हंगाम थकलं होतं आणि बँकेचा माणूस दोनदा घरी येऊन गेला होता. दारात कुणी वसुलीला येणं अब्बांच्या जिवाला लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी सगळी बाकी भरून टाकली, व्याजासकट.

२९ फेब्रुवारीला केंद्राचं बजेट आलं. पी. चिदंबरम यांनी शेतकऱ्यांसाठी ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याचं थकीत कर्ज पूर्ण माफ. आमची जमीन चार एकर, कोरडवाहू. पण नियमात एक ओळ होती. कर्ज ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेलं हवं आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न भरलेलं हवं. अब्बा सहा आठवडे आधी भरून मोकळे झाले होते.

त्या दिवसापासून अब्बांच्या तोंडी एकच वाक्य बसलं. "जो भऱ्या सो मऱ्या." जो भरतो तो मरतो. कुणाला घरकुल मिळालं, कुणाचं वीजबिल माफ झालं, कुणाला अनुदान आलं, की अब्बांचं हे वाक्य ठरलेलं. सरकारी मदत म्हणजे न भरणाऱ्याला बक्षीस आणि भरणाऱ्याला चपराक, हे त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

मी शिक्षक आहे. आमच्या स्टाफरूममध्येही हेच वाक्य जरा शुद्ध मराठीत ऐकू येतं. "सर, फुकट देऊन देऊन लोक बिघडले." "घरकुलाच्या यादीत बघा, अर्ध्यांच्या दारात मोटारसायकल आहे." म्हणणारे वाईट लोक नाहीत. पगारातून घराचा हप्ता कापून देणारी माणसं आहेत. त्यांच्या शंकेत थोडं खरं आहे, हे मला अब्बांमुळे माहीत आहे. म्हणून ती शंका झटकून न टाकता मी तिचा इतिहास शोधायला लागलो. आपल्याच मुलखात सरकारनं कर्जदाराला आणि बेघराला हात दिला तेव्हा काय झालं? पैसा कुठे गेला?

तकावी आणि साखळी

उर्दू-मराठी शिकवणाऱ्याला शब्दांपासून सुरुवात करायची खोड असते. कर्ज, वसूल, जप्ती, माफी, मदत हे सगळे शब्द अरबीतून आले. हप्ता आणि सरकार फारसीतून. लिलाव पोर्तुगिजांनी दिला. गहाण, तारण आणि घरकुल हे आपले. सगळ्यांत जुना सरकारी शब्द तकावी, ज्याला आपल्याकडे तगाई म्हणतात. त्याचं मूळ 'कुव्वत'शी जोडलेलं आहे, म्हणजे बळ. तकावी म्हणजे शेतकऱ्याला उभं राहायला बळ देणं. त्यात खैरातीचा अर्थ नाही.

१६५० च्या दशकात औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचा दिवाण होता मुर्शिद कुली खान. दुष्काळानं आणि लढायांनी उजाड झालेला मुलूख त्यानं पुन्हा लागवडीखाली आणायला घेतला. बैल, बियाणं यांसाठी तकावी दिली आणि पीक आल्यावर ती हप्त्यानं परत घेतली. माहूर तेव्हा वऱ्हाड सुभ्यातल्या एका 'सरकार'चं ठिकाण होतं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं. हा दिवाण जमीन मोजताना कधी कधी स्वतः साखळीचं टोक धरायचा, असं त्या काळच्या इतिहासकारानं नोंदवलं आहे. मला त्याच्या तकावीपेक्षा ही साखळी महत्त्वाची वाटते. कुणाला किती द्यायचं हे ठरवणारा माणूस बांधावर उभा होता.

मुघल राज्याचा गौरव करायला हे सांगत नाही. ही तकावी अखेर महसूल वाढावा म्हणूनच होती. पण तेव्हाचा प्रश्न सोपा होता. नांगर चालला तर वसूल येईल. शेतकरी लबाड आहे की प्रामाणिक, यावर कुणी पहिली चर्चा करत नव्हतं.

सुप्याची होळी आणि नंतरची युक्ती

ही चर्चा इंग्रजी राज्यात सुरू झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या दुकानांवर गेले. त्यांनी कर्जखतं बाहेर काढली आणि जाळली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. माणसांना इजा फार थोडी झाली, राग कागदावर होता. कारण जमीन नेत होता तो कागदच. अंगठा उठवून घेतलेलं खत न्यायालयात जायचं, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि जमिनीचा लिलाव.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. आजही तो वाचला तर चकित व्हायला होतं. न्यायाधीशानं नुसतं खत बघायचं नाही, त्यामागचा सगळा हिशेब पहिल्यापासून उकलायचा. अवाजवी व्याज कापायचं. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नसेल तर जमीन जप्त करायची नाही. लिलाव रोखणारा हा आपल्याकडचा पहिला मोठा कायदा.

मग काय झालं? सावकारांनी गहाणखत घेणं कमी केलं आणि थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. तोंडी सांगायचं, पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर मात्र विक्री. कायदा गहाणाच्या दारात पहारा देत राहिला आणि जमीन विक्रीच्या दारातून गेली. पुढे कायद्यात दुरुस्ती करून, ही विक्री खरं तर गहाण होती हे सिद्ध करायची मुभा द्यावी लागली. शंभरावर वर्षं उलटल्यानंतर, २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यातही बेकायदा सावकारीतून झालेली खरेदी तपासून जमीन परत देण्याची तरतूद करावी लागली. म्हणजे युक्ती तीच, अजून जिवंत.

'मदत करून उपयोग नाही' म्हणणाऱ्यांना हा दाखला आवडेल. पण गोष्ट इथं संपत नाही. शेतकऱ्याला दुसरीकडून पैसा मिळत नव्हता, म्हणून तो खरेदीखतावर अंगठा द्यायला तयार झाला. ही फट काहींना तेव्हाच दिसली होती. विल्यम वेडरबर्न यांनी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यासाठी एक योजना मांडली. जुन्या कर्जाची तडजोड करून ती सरकारी पैशानं मिटवायची आणि पुढे शेतकऱ्यांना कमी व्याजानं कर्ज देणारी कृषी बँक काढायची. न्यायमूर्ती रानडे यांचाही शेतीसाठी अशा पतव्यवस्थेचा आग्रह होता. हिंदुस्थान सरकार अनुकूल होतं. लंडननं नकार दिला. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ उजाडलं.

त्याचा परिणाम आकड्यात पाहायचा तर रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ मध्ये केलेली ग्रामीण पतपाहणी बघावी. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के, सरकारचाही तेवढाच आणि सावकारांचा जवळपास ७० टक्के. मदतीवर शंका घेऊन वाचवलेला पैसा कुणाच्या खिशात गेला, ते या ७० टक्क्यांत लिहिलेलं आहे.

आमच्या बाजूची गोष्ट

आता पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या मुलखात येऊ. इथं निजामाचं राज्य होतं. माहूर ज्या किनवट तालुक्यात होतं, तो १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. सावकारी म्हटलं की आपण मारवाड्याचं नाव घेऊन मोकळे होतो. पण हैदराबाद संस्थानात अरब आणि रोहिले सावकारही होते आणि त्यांच्या व्याजाची आणि वसुलीच्या पद्धतीची दहशत होती. सूद हराम आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्या इतिहासाचं हे पान आपणच वाचलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच्या सावकारावर बोट ठेवायचा हक्क आपल्याला उरत नाही.

१९३० च्या दशकात हैदराबाद सरकारनंही जमीन हातची जाऊ नये म्हणून हस्तांतरावर बंधनं घातली आणि कर्जाची तडजोड करणारी मंडळं नेमली. १९३७ मध्ये एस. एम. भरूचा यांनी संस्थानातल्या शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर अहवाल दिला. पण या कायद्यांचा फायदा ज्याच्याकडे पट्टा आहे त्यालाच. आदिलाबादच्या जंगलातले गोंड आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते, पण कागद त्यांच्याकडे नव्हता. सावकार, देशमुख, बाहेरून आलेले शेतकरी यांच्या नावावर जमिनी चढत गेल्या. १९४० मध्ये कुमराम भीम यांचं बंड झालं आणि ते मारले गेले. त्यानंतर सरकारला जाग आली. मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना तिथं पाठवलं गेलं. त्यांच्या कामातून गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याची, त्यांच्यासाठी शाळा आणि धान्यपेढ्या काढण्याची सुरुवात झाली.

म्हणजे आमच्याच जुन्या जिल्ह्यात आधी बंड झालं, मग कागद मिळाला, मग मदत. मदत नेहमी वहीत नाव असलेल्यांकडे जाते. वहीबाहेरचा माणूस मदतीच्या हिशेबात नसतो. मदतीवर टीका सुरू झाली की मात्र तोच डोळ्यांसमोर आणला जातो.

२००८ चा पैसा कुणाला मिळाला

पुन्हा अब्बांच्या वर्षाकडे येतो. २००८ च्या माफीत सुमारे ५२ हजार कोटी खर्च झाले. हा पैसा शेतकऱ्याच्या हातात आला नाही आणि तसा यायचाही नव्हता. सरकारनं बँकांना, सहकारी संस्थांना त्यांची बुडीत बाकी भरून दिली. शेतकऱ्याचं खातं कोरं झालं, बँकेचा ताळेबंद निरोगी झाला. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण चहाच्या हॉटेलात बसून 'शेतकऱ्यांनी ५२ हजार कोटी खाल्ले' म्हणणाऱ्याला यातली दुसरी कुणी सांगत नाही.

महालेखापालांनी, म्हणजे कॅगनं, २०१३ मध्ये या योजनेची तपासणी मांडली. लाभ मिळालेल्या ८०,२९९ खात्यांच्या नमुन्यात साडेआठ टक्के अपात्र निघाले. हा आकडा शंका घेणाऱ्यांच्या बाजूचा. दुसरा नमुना लाभ न मिळालेल्यांचा होता. त्यातल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, पात्र असूनही वगळलेले होते. हा आकडा कुणी स्टाफरूममध्ये काढत नाही. नको त्याला मिळालं याची बातमी होते. हवं त्याला मिळालं नाही तर तो घरी बसतो.

पाच एकरांची अटही बघा. पश्चिम महाराष्ट्रातले पाच एकर बागायती आणि आमचे किंवा नदीपलीकडच्या यवतमाळचे सात एकर कोरडवाहू यांत कोण गरीब, हे शेंबडं पोरही सांगेल. नियमाला ते दिसलं नाही. सात एकरवाल्याला सवलत तेव्हाच, जेव्हा तो आधी उरलेली मोठी रक्कम भरेल. ती भरायला पैसे असते तर कर्ज थकलंच कशाला असतं?

आमच्या शेताला लागून तांड्यावरचे एक काका बटईनं जमीन कसायचे. सातबारा मालकाचा, घाम यांचा. बँक बटईदाराला दारात उभं करत नाही, म्हणून यांचं कर्ज सावकाराचं. माफीच्या यादीत यांचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे २०१४-१५ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या परवानाधारक सावकारांचं कर्ज भरायचं ठरवलं. काकांच्या सावकाराकडे परवाना कुठला असणार! २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंतची, घोषणा ३४ हजार कोटींची. मग २०१९ ची महात्मा जोतिराव फुले योजना दोन लाखांपर्यंतची. दोन्ही वेळा काका वहीबाहेरच.

आता चित्र बघा. अब्बा भरून बसले म्हणून वगळले गेले. काका वहीतच नव्हते म्हणून वगळले गेले. एकाच बांधावर बसून दोघं चहा प्यायचे आणि अब्बा त्यांच्यासमोर म्हणायचे, "जो भऱ्या सो मऱ्या." काका मान डोलवायचे. अब्बांचा राग ज्या न भरणाऱ्यावर होता तो शेजारी बसलेला होता आणि त्यालाही एक पैसा मिळालेला नव्हता.

शिकागोतली हीच ओरड

हे फक्त आपलं दुखणं नाही. त्याच काळात अमेरिकेत घरकर्जांचा फुगा फुटला होता आणि लाखो घरांवर जप्ती येत होती. बँका आणि वित्तसंस्था वाचवायला तिथल्या संसदेनं २००८ मध्ये ७०० अब्ज डॉलरपर्यंतच्या खर्चाला मंजुरी दिली. फेब्रुवारी २००९ मध्ये नव्या अध्यक्षांनी ३० ते ४० लाख कुटुंबांचे हप्ते कमी करून घरं वाचवायची योजना आणली. दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या बाजारातून रिक सँटेली नावाचा वाहिनीचा पत्रकार ओरडला, शेजाऱ्याचा हप्ता आपण का भरायचा? त्या ओरडण्यातून पुढे मोठी राजकीय चळवळ उभी राहिली.

बँकांना वाचवलं तेव्हाही तिथं संताप झाला होता. पण तो निवला. शेजाऱ्यावरचा राग टिकला. प्रत्यक्षात ती योजना पहिल्या काही वर्षांत ठरवलेल्या कुटुंबांपैकी निम्म्यांपर्यंतही पोचली नाही. कागद मागवणं, ते हरवणं, पुन्हा मागवणं हे सगळं कर्ज वसूल करणाऱ्या कंपन्यांच्याच हातात होतं. सँटेलीच्या आणि अब्बांच्या मध्ये सात समुद्र. पण शंकेचा पत्ता दोघांचाही एकच, शेजारी.

किल्लारीची घरं

आता घरांकडे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या कुणालाही सांगावी लागत नाही. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली झोपलेली. नोकरीच्या सुरुवातीला मी काही काळ औसा तालुक्यात होतो. रविवारी नव्या किल्लारीत जायचो. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं.

जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या त्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं तीन मापांची, २५० चौरस फूट, ४०० आणि ७५०. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला सगळ्यात लहान, मोठ्या जमीनदाराला सगळ्यात मोठं. भूकंपानं सगळ्यांना एका रात्रीत सारखं केलं होतं, पुनर्वसनानं सातबारा बघून पुन्हा चढउतार लावून दिली. शंका घ्यायचीच तर इथं घ्यायला हवी होती. पण तेव्हाही लोक बोलायचे ते 'भूकंपवाल्यांना फुकट घरं मिळाली' असंच.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, तिथं दीड लाखाहून जास्त कुटुंबांनी आपापली घरं स्वतः दुरुस्त आणि मजबूत करून घेतली. पैसा टप्प्यानं खात्यात यायचा, अभियंता काम बघून पुढचा टप्पा सोडायचा. गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं होतं. भिंतीत आडवा दगड कुठे घालायचा, सिमेंट किती, हप्ता का अडला, हे सगळं त्या घरोघर सांगायच्या. मुर्शिद कुली खानाची साखळी इथं या बायकांच्या हातात आली होती. मदत वाया जातेच, हा काही निसर्गाचा नियम नाही.

घरकुल आणि नवं कर्ज

आज काय आहे? १९८५-८६ ला सुरू झालेली इंदिरा आवास योजना २०१६ पासून प्रधानमंत्री आवास झाली. खेड्यात सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. शहरात स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. जागा मात्र आपली हवी, नावावर हवी. आमच्यासारख्या जुन्या गावात किती घरांचा उतारा आजोबांच्या भावाच्या नावावर आहे, किती वस्त्या इनामाच्या किंवा वनाच्या जमिनीवर आहेत! वही इथंही आधी विचारते, तू आहेस का?

ज्याचं नाव बसतं त्याचंही ऐका. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचं घरकुल मंजूर झालं. पाया झाला, पहिला हप्ता संपला. दुसरा यायला चार महिने. तोवर सळईचा भाव वाढला. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेला. खालांनी मुलीच्या नावानं मायक्रोफायनान्सचं कर्ज काढून स्लॅब टाकला. आता दर पंधरा दिवसांनी गटाची बैठक आणि हप्ता. "मास्टर, घर तो सरकारने दिया, लेकिन हप्ता मै भरतीय," त्या हसत म्हणाल्या. सरकारच्या फलकावर ते 'पूर्ण घरकुल' आहे. स्टाफरूमच्या भाषेत ते 'फुकटचं घर' आहे. खालांच्या वहीत ते कर्ज आहे.

घराचं कर्ज बँकेकडून काढावं तर आमच्या वस्त्यांचं वेगळंच. काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना 'नकारात्मक' भाग ठरवून कर्ज टाळतात, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीनं केली आहे. ज्याला बँकेचं कर्जच मिळत नाही, त्याला बँकेच्या कर्जाची माफी कशी मिळणार? मुसलमान, बटईदार, आदिवासी, एकट्या बायका हे सगळे याच रांगेत आहेत.

आपली बैतुलमाल

सरकारला बोलणं सोपं आहे. थोडं आपल्याकडेही बघू. इस्लाममध्ये कर्ज ही जड गोष्ट आहे. कर्ज ठेवून गेलेल्याच्या जनाज्याची नमाज पढवायला पैगंबर साहेब थांबले आणि एका साथीदारानं कर्जाची हमी घेतल्यावर पुढे झाले, अशी हदीस आहे. अब्बांना ती पाठ होती, पाटल्या विकण्यामागे तीच होती. पण कुरआनात सूदबंदीच्या आयतींच्या लगतच अडलेल्या कर्जदाराला सवड द्यायला आणि जमलं तर सोडून द्यायला सांगितलेलं आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूस आहे. तो हक्कदार आहे. त्याला भीक मागायला सांगितलेलं नाही. हैदराबादेत १९व्या शतकाच्या अखेरीपासून बिनव्याजी कर्ज देणाऱ्या अंजुमन चालायच्या, त्यांच्याबद्दल डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी लिहून ठेवलं आहे.

आमच्या मोहल्ल्यातही छोटी बैतुलमाल आहे. मी तिच्या समितीवर आहे. दोन वर्षांपूर्वी एका विधवा बाईचा अर्ज आला, घराची पत्रं उडाली होती. बैठकीत कुणीतरी म्हणालं, हिचा मुलगा तर पुण्यात कामाला आहे. घरात फ्रिज पण आहे. अर्ज मागे पडला. नंतर कळलं, मुलगा वर्षभर घरी पैसे पाठवत नव्हता. फ्रिज बंद पडलेला होता, ती त्यात पीठ ठेवायची.

ते वाक्य बोलणारा मीच होतो.

हे लिहिताना मला कळतं की शंका घेणं सोपं असतं, साखळीचं टोक धरायला उठणं जड असतं. तिच्या घरापर्यंत चालत जायला मला सात मिनिटं लागली असती.

बेबाक

मदतीवर शंका घेऊच नये, असं मी म्हणत नाही. पैसा आपला आहे, हिशेब मागितलाच पाहिजे. माफीनं भरणाऱ्याचा हिरमोड होतो, हे खोटं नाही. २०१९ च्या योजनेनंतर नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम द्यावी लागली, ती यामुळेच. आणि कोरडवाहू शेतीला पाणी, भाव आणि वेळेवर कर्ज मिळत नाही तोवर दर दहा वर्षांनी माफी लागणारच, हेही खरं. पण शंका विचारताना क्रम असावा. पैसा अखेर कुणाच्या खात्यात गेला? यादी कुणी केली आणि कुठे बसून केली? कोण वगळलं गेलं? मोटारसायकलचा प्रश्न त्यानंतर.

अब्बा गेले त्या वर्षी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. जमिनीची पावती, रेशनकार्ड आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेला बँकेचा बेबाकी दाखला. तारीख जानेवारी २००८. उर्दूत 'बेबाक' दोन आहेत. एक 'काफ़'नं लिहितात, त्याचा अर्थ निडर. दुसरा 'क़ाफ़'नं, त्याचा अर्थ ज्याच्याकडे काही बाकी नाही असा. मराठीत दोन्ही एकसारखेच लिहिले जातात.

अब्बा माफीवर चिडलेले होते, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तो कागद हातात घेतल्यावर वाटलं, त्यांना पैसे नकोच होते. तुम्ही भरलं ते बरं केलं, एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. सरकार नाही म्हणालं. मीही नाही म्हणालो.

तांड्यावरचे काका अजून आहेत. यंदाही बटईनंच करतात. परवा बांधावर भेटले. मी विचारलं, "काका, कर्ज किती राहिलं?" ते म्हणाले, "मास्तर, मोजत नाही आता."